बैठकीतला धूर वाटेला लावताना

विडी-सिगारेटचा धूर घरातून काढायचा म्हटलं की पहिला फोन प्युरिफायर विकणाऱ्याला जातो. या घरातही तेच झालं होतं. जालन्यातलं जुनं दगडमातीचं पूर्वाभिमुख घर. रस्त्यालगत बैठक, तिच्यामागे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर. बैठक १२ फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच. घरातले आबा दिवसाला विडीचं एक बंडल संपवतात, संध्याकाळी दोघं-तिघं सिगारेटवाले गप्पांना येतात. कोपऱ्यात प्युरिफायर घुरघुरत होता, त्याच्यावरचा दिवा हिरवा होता आणि माजघरात नातवाच्या दप्तरालासुद्धा विडीचा वास येत होता.

काम हातात घेण्याआधी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांसमोर बोलून घेतली. बाहेर जाऊन ओढण्याच्या तोडीचा एकही पंखा, गाळणी किंवा यंत्र नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ सालच्या अहवालात हे स्वच्छ लिहिलंय: दुसऱ्याच्या धुराची ‘एवढा चालतो’ अशी कुठलीही सुरक्षित पातळी नाही, आणि हवा खेळती ठेवून किंवा गाळून धोका संपत नाही. अ‍ॅश्रे ही वातानुकूलन अभियंत्यांची संस्था. पंखे आणि डक्ट हाच तिचा पोटापाण्याचा विषय, तरी तीही हेच सांगते. पण मे महिन्याच्या दुपारी, ४२-४३ अंशांत, म्हाताऱ्या माणसाला ओट्यावर जा म्हणून कोण सांगणार? म्हणून कामाची हद्द ठरवली: संध्याकाळची मैफल ओट्यावर, दुपारी बैठकीत जो धूर होईल तो लवकर बाहेर काढायचा आणि माजघरात शिरू द्यायचा नाही.

आधी हिशेब. खोलीत १२०० घनफूट, म्हणजे ३४ घनमीटर हवा. एका सिगारेटमधून साधारण १० ते १५ मिलिग्रॅम बारीक कण खोलीत सुटतात. मधला १२चा आकडा घेतला आणि दारं-खिडक्या बंद धरल्या, तर दर घनमीटरला साडेतीनशे मायक्रोग्रॅम होतात. आपल्याकडचं २४ तासांच्या सरासरीचं मानक ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेलं १५. हे कण बहुतेक ०.१ ते १ मायक्रॉनचे. एवढा बारीक कण धुळीसारखा खाली बसत नाही, तासन्‌तास तरंगत राहतो. आणि खोलीत साचणाऱ्या धुरातला ओढणाऱ्याच्या नाका-तोंडातून आलेला भाग थोडा असतो. सुमारे ८५ टक्के धूर जळत्या टोकातून परस्पर सुटलेला असतो. सिगारेट राखदाणीत ठेवून गप्पा मारत बसलं की ती न ओढताही शेवटपर्यंत जळते. विडीचं उलटं. टेंभुर्णीच्या पानातून हवा आत जात नाही, दोन मिनिटं झुरका नाही मारला की ती विझते. म्हणून ठेवलेली विडी कमी धुरते. पण पेटती राहावी म्हणून माणूस झुरके जास्त मारतो आणि कार्बन मोनॉक्साइड, डांबर काही कमी निघत नाही. विडीत तंबाखू थोडी असते म्हणून ती ‘हलकी’, हा समज आबांचा होता तसा बहुतेकांचा असतो.

दुसरा हिशेब बाहेर काढण्याचा. खोलीतली हवा एकदा बदलली म्हणजे धूर गेला असं होत नाही, कारण येणारी ताजी हवा आतल्या धुरात मिसळत जाते. एका बदलाने धूर ३७ टक्क्यांवर येतो, दोन बदलांनी १३-१४ वर, तीन बदलांनी ५ वर. म्हणजे ३४ घनमीटरच्या खोलीतून शंभरेक घनमीटर हवा बाहेर फेकली तेव्हा कुठे धूर विसावा हिस्सा उरतो. तोही कोणी पुढची विडी पेटवली नाही तर.

मग उदबत्ती घेतली. या कामातलं सगळ्यात उपयोगी हत्यार तेच. पंखे सगळे बंद करायचे, पेटलेली उदबत्ती दाराच्या फटीशी, खिडकीशी, झरोक्याशी, उंबऱ्याशी धरायची आणि धुराची रेघ कुठे वाकते ते बघायचं. एकदा उंबऱ्यापासून वीतभर वर, एकदा डोक्याच्या उंचीवर, एकदा स्टुलावर चढून दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेला. एकाच दारात खालून हवा आत येते आणि वरून बाहेर जाते, असं पुष्कळदा दिसतं. मग घरातला एकेक पंखा चालू करून तीच फेरी पुन्हा.

या फेरीतच खरं दुखणं सापडलं. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू केल्याबरोबर बैठकीच्या दारात धरलेल्या उदबत्तीचा धूर आडवा झाला आणि माजघराकडे धावला. स्वयंपाकघराची खिडकी डासांमुळे कायम बंद. त्या एक्झॉस्टला हवा हवी, ती तो बैठकीतून ओढत होता. म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकाच्या वेळी आबांच्या विडीचा धूर माजघरातून, मळून ठेवलेल्या कणकेवरून, चुलीच्या भिंतीतून बाहेर जात होता. इलाज फुकटचा निघाला: एक्झॉस्टचं बटण दाबायच्या आधी स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडायची. जाळी नसेल तर जाळी बसवायची.

बैठकीत एक्झॉस्ट आधीही बसवलेला होता. सहा इंची पंखा, त्याला दहा फूट पीव्हीसी पाइप आणि दोन बेंड, पाइपाचं तोंड गच्चीवर. ‘पंखा फिरतो की, मग धूर कामून जाईना?’ हा आबांचा प्रश्न रास्त होता. पात्यांचा साधा एक्झॉस्ट भिंतीच्या भोकातून हवा ढकलायला बनवलेला असतो. त्याच्यापुढे लांब पाइप आणि वळणं आली की त्याचा जोर तिथेच मरतो, पाती फिरत राहतात आणि हवा जागच्या जागी घुसळते. पाइपाच्या टोकाशी कागदाची पट्टी धरली, ती हललीसुद्धा नाही. पाइपातून हवा न्यायचीच असेल तर त्यासाठी वेगळा, डक्टमध्ये बसणारा इनलाइन ब्लोअर लागतो. तो महाग असतो आणि आवाजही करतो. भिंतीला सरळ भोक असेल तर पाइपाच्या नादी लागू नये.

सरळ भोक होतं. उत्तरेच्या भिंतीत, जमिनीपासून आठ फुटांवर, फूट बाय फुटाचा झरोका, जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबून बुजवलेला. जुन्या घरांत वाऱ्याचा विचार बांधणाऱ्याने केलेलाच असतो, आपण तो बुजवतो. धाब्याच्या घरात छताला साणं, म्हणजे उघडं भोक, असायचं, धूर आपोआप वर जायचा. वाड्याच्या दारातल्या ढाळजेत पुरुष मंडळी चिलीम ओढत बसायची आणि धूर चौकात पोचायच्या आधीच रस्त्यावर जायचा. आता ढाळजेच्या जागी बैठक आलीय आणि तिला चारी बाजूंनी काच.

दगडमातीच्या भिंतीत नवीन भोक पाडायला आम्ही तयार होत नाही. आतले दगड मातीत नुसते बसवलेले असतात, एक हलला की वरचे चार खाली येतात. म्हणून आहे तोच झरोका घेतला. भिंत १८ इंच जाड. आतून जीआय पत्र्याचा चौकोनी गाळा सरकवला. बाहेरच्या बाजूला त्याला अर्धा इंच उतार दिला, नाहीतर जूनमध्ये पाऊस आत वाहतो. पत्रा आणि दगड यांच्यातली फट सिमेंट-वाळूने भरली. ही फट राहिली तर पंखा बाहेर फेकलेलीच हवा कडेने परत आत ओढतो. पंखा दहा इंची घेतला आणि आतल्या तोंडाला बसवला, म्हणजे पुसायला हात पोचतो. मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाहीत, म्हणून गवंड्याकडून चार लाकडी गुटके सिमेंटमध्ये बसवून घेतले, त्यांवर १२ मिलिमीटर प्लायची चौकट, आणि पंख्याच्या चारही पायांखाली सायकलच्या ट्यूबचे वॉशर. वॉशर नसतील तर आठवड्याभरात भिंत गुणगुणायला लागते आणि ‘आवाज होतो’ म्हणून पंखा बंद ठेवला जातो. एक्झॉस्ट निकामी होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं, मोटर जळणं नव्हे. बाहेरच्या तोंडाला अर्ध्या इंचाची तारेची जाळी, चिमण्यांसाठी. तिथे डासांची जाळी लावू नये. धुराचं डांबर आणि रस्त्याची धूळ मिळून ती काही आठवड्यांत बुजते.

पंख्याच्या डब्यावर हवेचा आकडा छापलेला असतो. तो जाळी नाही, गाळा नाही, समोर काही आड नाही अशा अवस्थेतला. घरात बसवल्यावर त्याच्या निम्मा धरून चालावं. डब्यावर तासाला ८०० घनमीटर असेल तर ४००. ३४ घनमीटरच्या खोलीत ते तासाला १२ बदल झाले, म्हणजे तीन बदलांना १५ मिनिटं. हवा कोपऱ्यात, कपाटामागे अडकते म्हणून प्रत्यक्षात २५-३० मिनिटं धरावीत. शेवटची विडी विझल्यावर अर्धा तास पंखा चालू ठेवायचा हा नियम इथून आला. त्यासाठी टायमर असलेलं बटणच बसवलं, कारण ‘विडी संपली, पंखा बंद’ ही सवय मोडत नाही.

आता हवा आत कुठून यायची? एक्झॉस्ट हवा तयार करत नाही. जेवढी आत येईल तेवढीच तो बाहेर टाकतो. माजघराचं दार बंद केलं तर त्याच्याखालची फट एक इंचाची, दाराची रुंदी ३० इंच, म्हणजे वाट ३० चौरस इंचांची. तासाला ४०० घनमीटर त्यातून जात नाहीत. पंखा गुरगुरतो आणि हवा दुसरीकडून घेतो, इथे रस्त्याकडच्या खिडकीतून. ती खिडकी झरोक्यापासून जेमतेम दोन फुटांवर. खिडकीतली ताजी हवा सरळ पंख्यात गेली आणि खोलीतला धूर जिथल्या तिथे राहिला. म्हणून एक्झॉस्ट चालू असताना जवळची खिडकी बंद ठेवायची आणि हवा लांबून, खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून आणायची. माजघराच्या दाराच्या खालच्या फळीत २० बाय १० इंचाची जाळी बसवली. पंखा बंद असताना याच जाळीतून धूर आत जाऊ नये म्हणून बैठकीच्या बाजूने तिच्यावर फ्लेक्सचा तुकडा वरच्या कडेला पट्टी मारून लोंबता सोडला. माजघराकडून हवा आली की तो फुलून उघडतो, उलटी आली की जाळीवर चिकटतो. निवडणुकीनंतर फ्लेक्सची टंचाई नसते.

मग आबांची खुर्ची. इथे एक गोष्ट लोकांना पटायला वेळ लागतो: पंखा फुंकतो लांबवर, पण ओढतो अगदी जवळून. दिवा फुंकून विझतो. तोंडाने हवा आत ओढून विझवून बघा. दहा इंची पंख्याची ओढ त्याच्या तोंडापासून दहा इंचांवरच दहाव्या हिश्श्यावर आलेली असते. त्यामुळे खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून ओढलेल्या विडीचा धूर आधी खोलीभर पसरतो आणि मग पंख्याकडे जातो. खुर्ची झरोक्याखाली आली तर कोमट धूर वर चढता चढताच बाहेर जातो. आबांना रस्ता दिसला पाहिजे होता, एवढीच अट. ईशान्य कोपऱ्यात खुर्ची तिरकी ठेवल्यावर उघड्या दारातून रस्ता दिसला. पाठीमागे चार फुटांवर टेबल फॅन सर्वांत कमी वेगावर, झरोक्याकडे तोंड करून ठेवला. वेग वाढवला की धूर भिंतीवर आपटून परत येतो.

सीलिंग फॅन हा या सगळ्याचा शत्रू. धूर छताशी थर धरून बसलेला असतो, तिथून तो काढणं सोपं. सीलिंग फॅन तोच थर खाली ओढून खोलीच्या कोपऱ्या-कोपऱ्यात वाटतो. एसी असेल तर तेच. स्प्लिट एसी खोलीचीच हवा फिरवतो, त्याची जाळी धूर अडवत नाही आणि कॉइलवर बसलेलं डांबर दुसऱ्या दिवशी एसी लावल्यावर वास देतं.

पण सीलिंग फॅन बंद करून मराठवाड्यात मे महिना काढायचा कसा? इथे कूलर कामाला आला, आणि आमची एक चूकही. कूलर बैठकीतच, आतल्या बाजूला स्टँडवर होता. खोलीतली हवा तो खोलीतच फिरवत होता. त्याच्या गवताला विडीचा वास लागला होता आणि टाकीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. आम्ही तो उचलून बैठकीच्या खिडकीत बाहेरच्या बाजूने, आत तोंड करून लावला, कडेच्या फटी थर्माकोलने बंद केल्या. आता बाहेरची हवा आत यायला लागली, खोली झकास गार झाली, आणि उदबत्तीचा धूर उंबऱ्यावरून सरळ माजघरात. कारण उघड होतं, आमच्याच लक्षात उशिरा आलं. मध्यम कूलर तासाला दोन-अडीच हजार घनमीटर हवा आत ढकलतो, एक्झॉस्ट चारशे बाहेर काढतो. उरलेली हवा वाट मिळेल तिथून निघते, धुरासकट. फ्लेक्सचा पडदा जाळीवर चिकटला, पण माजघराचं दार ऐसपैस, दिवसभर उघडं.

शेवटी कूलर माजघराच्या पश्चिमेच्या खिडकीत गेला. ताजी गार हवा पहिल्यांदा माजघरात, तिथून दारातून बैठकीत, आणि बैठकीतून झरोका, खिडकी, रस्त्याकडचं दार अशा सगळ्या वाटांनी बाहेर. स्वच्छ बाजूकडून घाण बाजूकडे वारा चालवायचा, एवढंच सूत्र. आता मात्र बैठकीची खिडकी बंद ठेवायची नाही, उलट पूर्ण उघडायची, कारण कूलरच्या तोंडाएवढी तरी मोकळी वाट पुढे हवी. वाट कमी पडली की माजघरात दमट हवा कोंडते आणि घरातले कूलरच बंद करतात. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून असतो, तोही या रचनेला साथ देतो. पश्चिमेच्या भिंतीत बसवलेला एक्झॉस्ट जून-जुलैत वाऱ्याशी झगडतो आणि झोताबरोबर उलटा फिरताना दिसतो.

पाण्याची अडचण असेल तर कूलरचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवावा. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, अशा उन्हाळ्यात कूलरची टाकी कोण भरणार? कोरडा कूलर गारवा देत नाही, पण वारा तेवढाच ढकलतो. लाइट गेली तर एक्झॉस्ट इन्व्हर्टरवर हवा. बहुतेक घरांत इन्व्हर्टरच्या लाइनवर टीव्ही असतो, एक्झॉस्ट नसतो. दहा इंची पंखा साधारण ४०-६० वॅटचा, बॅटरीला तो जड नाही.

थंडीत रचना बदलते. परभणी-जालन्याकडे पारा एक अंकी झाला की सगळं बंद, कूलर गेलेला, वारा पूर्वेकडून. तेव्हा काम एकट्या एक्झॉस्टवर आणि दाराच्या जाळीवर. याच दिवसांत एक सावधगिरी लागते. घरात गॅस गीझर असेल आणि सगळी दारं-खिडक्या बंद असतील, तर जोरदार एक्झॉस्ट गीझरचा जळका वायू घरात ओढू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. गीझर बाथरूमबाहेर, उघड्यावर बसवलेला असावा, आणि आंघोळ चालू असताना माजघराची एक खिडकी उघडी.

आता त्या प्युरिफायरबद्दल. यंत्र वाईट नव्हतं, जागा चुकीची होती. त्यावर सीएडीआरचा आकडा असतो, म्हणजे तासाला किती स्वच्छ हवा मिळते तो. धुरासाठीचा सीएडीआर काढताना चाचणीच्या खोलीत खरोखर सिगारेटचाच धूर सोडतात, त्यामुळे तो आकडा आपल्या कामाचा. ढोबळ नियम असा: खोलीच्या चौरस फुटांच्या दोन-तृतीयांश घनफूट दर मिनिटाला. १२० चौरस फुटांना ८०. पण हा नियम आठ फूट छताचा. दहा फुटांना १००, म्हणजे तासाला १७० घनमीटर. ओढणारा त्याच खोलीत असेल तर निदान दुप्पट. हेपा फिल्टर कण चांगले पकडतो. एच१३ दर्जाचा तर सर्वांत अवघड आकाराचेही ९९.९५ टक्के. मात्र वायूंना हेपा म्हणजे उघडं दार. त्यासाठी कार्बन. स्वस्त यंत्रांत कार्बन म्हणजे काळी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पातळ जाळी, शे-दोनशे ग्रॅम दाणे. एका बंडलाच्या घरात ते काही आठवड्यांत भरून जातात आणि दमट दिवशी पकडलेला वास परत सोडतात. किलोच्या हिशेबाने कार्बन असेल तरच वासात फरक पडतो, आणि कार्बन मोनॉक्साइड तर कार्बनही पकडत नाही. हिरवा दिवा का लागला होता, तेही यातच आलं: त्या दिव्यामागचा सेन्सर कण मोजतो, वायू मोजत नाही.

प्युरिफायर उचलून मुलं झोपतात त्या खोलीत नेला. तिथे धूर तयार होत नाही, चुकून आलेलाच गाळायचा असतो, ते त्याला झेपतं. बैठकीतला फिल्टर काढला तेव्हा घड्यांच्या कडा तपकिरी आणि चिकट होत्या. धुळीने भरलेला फिल्टर राखाडी दिसतो, झटकला तर थोडी धूळ पडते. धुराचा फिल्टर चहात बुडवल्यासारखा दिसतो आणि झटकून काही पडत नाही. तो धुवायचा नसतो, टाकायचा असतो. पुढची प्री-फिल्टरची जाळी मात्र मार्च ते मे दर आठवड्याला धुवावी, काळ्या मातीची धूळ तिथेच अडते. आयोनायझरचं बटण असेल तर बंद. ओझोन सोडणारी यंत्रं घरात आणूच नयेत. ओझोन फुप्फुसाला स्वतःच त्रास देतो. रूम फ्रेशनर, धूप, कापूर यांनी वासावर वास बसतो. उदबत्ती तपासणीपुरती ठीक, रोज लावली तर तीही कणच सोडते.

हवेतले कण मोजायचं छोटं यंत्र असेल तर चांगलं, पण कूलरच्या झोतात धरू नये. दमट हवेतले पाण्याचे थेंब ते कण म्हणून मोजतं आणि आकडा उगाच चढतो. मोजणी माजघरात करावी, उशाच्या उंचीवर, विडी पेटवायच्या आधी आणि नंतर.

एवढं झालं तरी वास राहिला होता, कारण तो आता हवेत नव्हता, भिंतींत होता. निकोटीन भिंतीवर, पडद्यावर, गादीवर बसतं आणि हळूहळू परत हवेत येतं. नुसतं वासाचं हे दुखणं नाही. बसलेल्या निकोटीनची हवेतल्या नायट्रस अ‍ॅसिडशी क्रिया होऊन कर्करोगकारक नायट्रोसामाइन बनतात, हे लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०१० साली दाखवलं. निकोटीन अल्कधर्मी असल्याने आम्लाच्या पाण्याने सुटतं. बादलीभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व, ऑइलपेंट मारलेल्या भिंती आणि दारं पुसायला पुरतं. पुसताना खालून वर जायचं. वरून सुरुवात केली तर पिवळे ओघळ खालच्या कोरड्या भिंतीवर उतरतात आणि तिथेच मुरतात. पण हे पाणी शहाबादी फरशीवर किंवा चुन्याच्या भिंतीवर पडू देऊ नका. दोन्ही चुनखडीच, फरशीची चकाकी जाऊन कायमचे पांढुरके डाग पडतात. फरशीला साबणाचं पाणीच. चुन्याची भिंत खरवडून पुन्हा रंगवावी लागते, आणि डिस्टेंपरच्या आधी तेलाचा प्रायमर लागतो. प्रायमर वाचवला की पहिल्या पावसाळ्यात पिवळे डाग नव्या रंगातून वर येतात. सीलिंग फॅनची पाती, ट्यूबची पट्टी, घड्याळाची काच, देवळीतल्या तसबिरींची पाठ हे लोक विसरतात, आणि वास तिथूनच येत राहतो. गाद्या-उशा गच्चीवर चार दिवस उन्हात; मराठवाड्याचं ऊन निदान इथे तरी कामाला येतं.

राखदाणीच्या जागी वाळूने भरलेला मातीचा खोलगट तवा ठेवला, वाळू ओली. अर्धवट विझलेलं थोटूक काचेच्या राखदाणीत दहा मिनिटं धुमसतं आणि त्या धुमसण्याचा धूर सर्वांत उग्र. ओल्या वाळूत खुपसलं की संपलं.

एका ओळखीच्या खाणावळवाल्याने हीच रचना दुकानात करून मागितली, ती केली नाही. सार्वजनिक जागेत धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८पासून लागू झालेल्या नियमांनी बंदी आहे. ३० किंवा जास्त आसनांच्या उपाहारगृहाला स्वतंत्र खोली ठेवायची मुभा त्या नियमांत आहे, पण तिला चारी बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारं दार, बाकी इमारतीपेक्षा कमी दाब आणि थेट बाहेर जाणारी हवा लागते. पडदा लावून आणि एक्झॉस्ट बसवून ती खोली होत नाही.

देखभालीत दर पंधरवड्याला मेन बंद करून पंख्याची पाती गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने पुसायची; पात्यांवर डांबराचा थर चढला की तोल जातो, आवाज वाढतो, हवा घटते. फ्लेक्सचा पडदा चिकट झाला की कापून नवा लावायचा. आणि वर्षातून दोनदा उदबत्तीची फेरी: पाडव्याला कूलर खिडकीत लागला की एकदा, दसऱ्याला तो उतरवून वारा फिरला की एकदा. माजघराच्या उंबऱ्यावर धुराची रेघ बैठकीकडे वाकली तर ठीक. आत वाकली तर आधी स्वयंपाकघराची खिडकी बघायची. ती बहुतेक वेळा कोणीतरी डासांमुळे बंद केलेली असते.